चुलीवरची तार

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरून वर सरकले, तेव्हा आमच्या घराच्या मागच्या पाख्यावरची कौले उडाली आणि माळ्यावर पाणी गेले. हे घर देवगड तालुक्यात, वाघोटनच्या खाडीकाठी, विजयदुर्ग बंदराच्या बरेच आत आहे. तिथे आई एकटी राहते आणि मी कणकवलीत एका शाळेत विज्ञान शिकवते. रस्त्यावर आडवी झालेली झाडे तोडून वाट मोकळी होईपर्यंत दोन दिवस गेले. मी पोहोचले तेव्हा आईने शेजारच्या मुलाला हाताशी घेऊन माळ्यावरचे सगळे सामान खाली आणले होते आणि खळ्यात उन्हाला मांडले होते. एखाद्या घराने आपले पोट उलगडून दाखवावे तसे ते दिसत होते. पत्र्याची ट्रंक, हिरवट पडलेली पितळेची तपेली, धान्य मापायची पायली, काच फुटलेला कंदील, खाली लाकडाचा पाट असलेला आणि पात्याची धार कधीच गेलेली आडाळो, म्हणजे विळी, गणपतीचा फणसाच्या लाकडाचा पाट, आणि एका सुपात, वर चार खडे ठेवून, तपकिरी कागदांचा एक ओलसर गठ्ठा.

डोंबिवलीहून धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा त्याने पहिला प्रश्न आईच्या तब्येतीचा आणि दुसरा कौलांचा विचारला, आणि तिसऱ्या वाक्यात, ‘त्यातले आता टाकून द्या बरेचसे,’ असे सुचवले. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. माझेही मत फार वेगळे नव्हते. फक्त त्या सुपापाशी आल्यावर ते थोडे डळमळले.

घाटावरच्या माझ्या मैत्रिणींकडे पणजीचे लुगडे, पणजोबांची पोथी, कुणाची तरी पगडी अशा वस्तू सहज निघतात, आणि त्या निघाल्या की त्यांच्याबद्दल हळव्या आवाजात बोलले जाते. मला त्या हळवेपणाचा हेवा वाटत आला आहे, कारण कोकणात तो परवडत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खाडीवरून येणारी खारी हवा, आणि चार महिने भिंतीला हात लावला तरी ओल हाताला लागेल अशी दमटाई. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की कागदावर आणि कापडावर बुरशी धरते, हे मी नववीच्या वर्गाला सांगते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याखाली क्वचितच उतरते. लोखंड गंजते, पितळ हिरवे पडते, कागदाला कसर लागते, आणि लाकूड आतून वाळवी खाते व वरून जसेच्या तसे दिसत राहते. त्यामुळे इथे जी वस्तू पन्नास वर्षे टिकली, तिच्यामागे कुणाच्या तरी हाताचे पन्नास वर्षांचे काम असते. मला स्वतःला वस्तूबद्दल जे काही वाटते ते बहुधा त्या कामाबद्दलच वाटत असावे.

आमच्या घरात ते काम आजीचे होते. पावसाळा उलटला की दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत ती एकेक वस्तू बाहेर काढी. ‘ऊन दाखव गो तेंका, नायतर रुसतली,’ असे ती भांड्यांबद्दल आणि कपड्यांबद्दल एकाच सुरात म्हणे. तांब्या-पितळेला राख आणि बिंबले, म्हणजे झाडाला लगडलेली ती आंबट फळे ठेचून; लाकडाला खोबरेल; कोयत्यांना पाऊस लागण्याआधी तेलाचा फडका; कपड्यांत निगडीचा वाळलेला पाला. कल्हईवाला पूर्वी दिवाळीच्या आगेमागे येई आणि आमच्या पाणंदीच्या तोंडाशी भाता लावून बसे. आंबट पदार्थ पितळेला कळकतो म्हणून आतून कथलाचा थर द्यावा लागतो. भांडे तापवायचे, नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते वितळलेले कथील एका फेऱ्यात भांडेभर पसरायचे. काळ्या भांड्याच्या पोटात अशी एकाएकी चांदी उतरताना पाहणे हे माझे रसायनशास्त्राचे पहिले शिक्षण होते, आणि पुढे पदवीच्या प्रयोगशाळेत कथील २३२ अंशांना वितळते असे वाचले तेव्हा मला त्या पाणंदीचाच वास आला. कल्हईवाला येणे कधी थांबले ते नेमके आठवत नाही. तो आला नाही म्हणून कुणी चौकशी केल्याचेही आठवत नाही, कारण तोवर स्वयंपाक स्टीलमध्ये होऊ लागला होता.

खळ्यातली भांडी मी दिवसभर घासत बसले, आणि घासता घासता त्यांच्यावरची नावे वाचत गेले. ज्यांनी जुनी भांडी हाताळली आहेत त्यांना ती अक्षरे माहीत असतील. छिन्नीच्या टोकाने ठिपका ठिपका ठोकून काढलेली ती अक्षरे असत. पुढे यंत्राच्या पेनाने नावे घालू लागले, त्यांना ती नजाकत नाही. दोन तपेल्यांवर आणि एका कळशीवर आजीचे माहेरचे नाव आहे. लग्नानंतर तिचे नाव बदलले आणि सासरच्या घरात तिला त्या नावाने कुणीही, कधीही हाक मारली नाही. माझ्या वडिलांना ते नाव ठाऊक होते, पण उच्चारायची वेळ आली की ते चाचरत, जणू परक्या बाईचे नाव घेतो आहोत. म्हणजे अठ्ठावन्न वर्षांच्या सासुरवासात तिचे मूळ नाव फक्त तीन भांड्यांवर राहिले, आणि ती भांडी दर दिवाळीत घासून ते नाव वाचण्याजोगे ठेवण्याचे काम, अक्षरओळख नसलेल्या तिनेच केले. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते तिने कुणाला सांगितले नव्हते.

वायनाची गोष्टही इथेच सांगते, जरी ते खळ्यात नव्हते. वायन म्हणजे पडवीच्या जमिनीत पुरलेले दगडी उखळ. पूर्वी सारवलेली जमीन होती तेव्हा ते जमिनीच्या पातळीला तोंड उघडून असे आणि त्यात पोहे कांडले जात. वडिलांनी लादी घालायला काढली तेव्हा गवंड्याने ते बुजवायचे ठरवले. आजी मुसळ घेऊन त्याच्या काठावर बसली आणि दुपारपर्यंत उठली नाही. ती काही बोलली नाही, रडली नाही, नुसती बसली. शेवटी गवंड्याने लादी गोल कापून त्याला वळसा घातला. आता त्यावर लाकडी झाकण आहे आणि पाहुण्यांचा पाय हमखास त्याला अडतो. ज्या वस्तूची वाटणी होत नाही, जी उचलून मुंबईला नेता येत नाही आणि जिचा उपयोग उरलेला नाही, तिच्यावर कुणाचाच दावा नसतो. त्यामुळे घरातल्या सगळ्या वस्तूंत तीच सर्वांत सुरक्षित राहिली.

ट्रंकेची बाब वेगळी. ती आजोबांची. त्यांनी आयुष्याची चाळीस वर्षे गिरणगावात एका कापड गिरणीत काढली आणि परळच्या एका चाळीत गाववाल्यांच्या खोलीत राहिले. त्या खोलीत प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे भिंतीतला एक खिळा, पथारीपुरती जागा आणि एक ट्रंक. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने एकाच पथारीवर दिवसा एक आणि रात्री दुसरा झोपे, पण ट्रंक मात्र ज्याची त्याची. झाकणावर पांढऱ्या रंगाने नाव, गाव, पोस्ट, तालुका आणि ‘जि. रत्नागिरी’ असे लिहिलेले आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. ट्रंकेला ते कुणी कळवले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, मुंबईतले अडीच लाखांच्या घरातले गिरणी कामगार बाहेर पडले, आणि त्यातल्या अनेकांसारखे आजोबाही पुन्हा आत गेले नाहीत. त्या वर्षीच्या शिमग्याला ते एसटीने आले तेव्हा टपावरून ती ट्रंक उतरवली गेली. मी सात वर्षांची होते. एरवी त्यांच्याबरोबर पिशवी येत असे, ट्रंक मागे राहत असे. ट्रंक आली म्हणजे ते आता राहायला आले, एवढे मला कळले आणि मी आनंदाने उड्या मारल्या. घरात दुसरे कुणी उड्या मारत नव्हते.

आता ते सूप. त्यातले कागद म्हणजे मनीऑर्डरची कुपने. ज्यांनी मनीऑर्डर पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: फॉर्मच्या खालच्या टोकाला पाठवणाऱ्याने दोन ओळी लिहाव्यात म्हणून थोडी जागा असे, आणि पैसे देताना पोस्टमन तेवढा तुकडा फाडून घेणाऱ्याच्या हाती ठेवी. १८८० साली सुरू झालेली ही पारंपरिक मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली, पण कोकणातली कितीतरी घरे त्या मधल्या काळात तिच्यावरच चालली. आजीने प्रत्येक कूपन एका लोखंडी तारेत ओवून ठेवले होते. तारेचे खालचे टोक वळवलेले आणि वरचे टोक आकड्यासारखे, अशी ती स्वयंपाकघरात चुलीच्या वर, वाशाला टांगलेली असे. आमच्या घरात त्यामुळे ‘तार’ या शब्दाचे दोन अर्थ होते. पोस्टाची तार आली की कुणीतरी गेलेले असायचे, आणि चुलीवरची तार हलली की पैसे आलेले असायचे.

लहानपणी मी ती तार रोज पाहिली आणि तिच्याकडे कधीच लक्ष दिले नाही. तिच्या शेजारी पुढच्या वर्षीच्या बियाण्याची गाठोडी लोंबत असत आणि भिंतीला शेणात थापलेले तवशाचे, म्हणजे काकडीचे, बी असे. सगळ्यावर काजळी. २००४ साली आजी गेली. पुढच्या वर्षी आम्ही स्वयंपाकघराला ओटा घातला आणि चूल मागीलदारी नेली. तेव्हा मीच म्हणाले की ती तार अशी उघड्यावर नको, नीट जपून ठेवूया. काजळी फडक्याने पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, आजोबांच्या ट्रंकेत मी ती माझ्या हाताने ठेवली. जवळजवळ पन्नास वर्षे धुरात टांगलेले कागद पहिल्यांदाच ‘सुरक्षित’ झाले, याचे मला समाधानही वाटले होते.

सोळा वर्षांनी ते सुपात आले तेव्हा तार गंजून कागदांत विरघळली होती आणि प्रत्येक कुपनाच्या मध्यभागी रुपयाएवढे तांबूस भोक पडले होते. प्लास्टिकमध्ये कोंडलेल्या ओलीने खालचा थर बुरशीला दिला होता. ट्रंकेच्या तळाला पडलेल्या छिद्रातून वाळवी शिरली होती. वादळाच्या पाण्याने केले ते शेवटचे आणि सर्वांत कमी नुकसान. उघड आहे: लाकडाच्या धुरात फिनॉल वर्गातली संयुगे असतात, ती बुरशीला आणि किड्यांना रोखतात, आणि चुलीवरची ऊब कागद कोरडा ठेवते. आजी बियाणे तिथे टांगत होती ते याच कारणाने. मी हे मुलांना शिकवते, मासे धुरवून का टिकतात याच्या उदाहरणासह. तरीही पुसली ती काजळी मीच.

मी कुपने सुटी करून एकेक वाचायला घेतली. पूर्ण किंवा अर्धीमुर्धी वाचता येतील अशी दोनशे अकरा निघाली. सर्वांत जुने १९५३ चे, शेवटचे डिसेंबर १९८१ चे. माझ्या मनात काय होते ते कबूल करते. मला वाटले होते, वर्षानुवर्षे वेगळ्या राहिलेल्या नवरा-बायकोमधले काहीतरी हाती लागेल. आजोबांना सहीपुरते लिहिता येई, त्यामुळे मजकूर खोलीतल्या ज्या कुणाला वेळ असेल त्याने लिहिलेला. आजीला वाचता येत नसे, त्यामुळे तो ओटीवर उभ्या उभ्या पोस्टमनने वाचलेला. दोन परक्या माणसांच्या तोंडून जाणारा निरोप किती खाजगी असणार? ‘रु. ३० पाठविले आहेत. सर्व खुशाल. तुमची खुशाली कळविणे.’ ‘रु. ३५. त्यातले चार आणे देवळात घालावे.’ ‘गायीस औषध करावे. कर्ज देऊन टाकावे.’ अक्षर दर वेळी वेगळे, मजकूर तोच. फक्त एक वाक्य जवळजवळ प्रत्येक कुपनात, कधी सुरुवातीला तर कधी समासात घुसवलेले, येत राहते: ‘पाऊस कसा आहे ते कळविणे.’ हे वाक्य जानेवारीतल्या कुपनांतही आहे. जानेवारीत इथे पाऊस नसतो हे कोकणात जन्मलेल्या माणसाला ठाऊक होते. मग लिहिणाऱ्याला ते तसे का सांगितले जाई, यावर मी बराच विचार केला आणि तो विचार इथे मांडणार नाही, कारण त्यातले बरेचसे माझे असेल, आजोबांचे नसेल.

आईने तर माझ्या हळवेपणाला तिथल्या तिथे टाचणी लावली. तिच्या मते आजीने ती तार हिशेबासाठी ठेवली होती. भाऊबंदकीचे वाद होते, घराच्या दुरुस्तीला पैसे कुणी दिले हा प्रश्न दर गणपतीला निघे, आणि आजीला वाचता येत नसले तरी तारेला हात लावून ती आकडे सांगू शके. तिने मध्ये मध्ये चिंध्या ओवल्या होत्या, त्या दर वर्षाच्या चतुर्थीच्या खुणा. थोडक्यात, मी ज्याला प्रेमपत्रांचा गठ्ठा समजत होते ती घराची वही होती. मला आधी वाईट वाटले. मग वाटले की असे असेल तर ती तार अधिकच तिची आहे. अक्षर न येणाऱ्या बाईने, तिच्याविरुद्ध कुणी कागद पुढे केला तर आपल्याकडेही कागद असावा म्हणून, स्वतःच्या पद्धतीने राखलेले दप्तर.

भावाने सुचवल्याप्रमाणे मी सगळ्यांचे फोनवर फोटो काढले. फोटोत तो धुराचा तपकिरी रंग असा दिसतो की मुद्दाम जुनेपणाचा मुलामा दिला आहे असे कुणालाही वाटावे. कागद मी एका फाईलमध्ये घालून कणकवलीला नेले. गणपतीचा पाट मात्र तिथेच राहिला. तो ओलीने उकलला होता. सुताराने खालून दोन पट्ट्या मारल्या आणि नागपंचमीच्या सुमारास तो नेहमीसारखा गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या ठिकाणी, पोहोचला. दर वर्षी लागणाऱ्या वस्तूला आठवण म्हणून जपावे लागत नाही, हे मला तेव्हा जाणवले आणि थोडे खटकलेही.

मधल्या काळात, २२ जुलैला, चिपळूण बुडाले. वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत चढले, लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तके २००५ च्या पुराप्रमाणे याही वेळी भिजली, आणि माझ्या आतेबहिणीच्या तळमजल्यावरच्या घरात छताला दोन वीत उरेपर्यंत पाणी होते. तिने तिसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा लग्नाचा अल्बम चिखलातून काढला होता आणि काय करू असे विचारत होती. मी शिक्षिकेच्या सवयीने सांगू लागले: फोटो वाळू देऊ नकोस, एकदा चिकटून वाळले की सुटत नाहीत, स्वच्छ पाण्यात बुडवून सावकाश सोडव, पुसू नकोस, सावलीत सुकव. ती ऐकत राहिली. मग शांतपणे म्हणाली, ‘अगो, प्यायला पाणी नाय.’ अल्बम गेला. त्यानंतर बरेच दिवस मी माझी फाईल उघडली नाही.

श्रावणात आईचा फोन आला. ‘चतुर्थीक येतलंस तेव्हा ती कागदां घेवन ये.’ कशाला, ते तिने सांगितले नाही. मी घेऊन गेले. तिने वायरमनकडून तांब्याच्या तारेचा एक तुकडा मागून ठेवला होता, कारण तांबे गंजत नाही असे मीच कधीतरी बोलले होते. गणपतीच्या आदल्या दिवशी, माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटीला, कवंडळाची रानफळे बांधून झाल्यावर, ती ओटीवर बसली आणि भोके पडलेली कुपने एकेक करून तारेत ओवू लागली. चिंध्या नव्हत्या, म्हणून तिने माझ्या जुन्या ओढणीच्या काठाचे तुकडे केले. कुठल्या वर्षाची खूण कुठे घालायची ते मी तारखा वाचून सांगत गेले. हे तासभर चालले. मग तार हातात धरून ती मागीलदारी गेली.

तिथे न्हाणीला लागून चूल आहे, जिच्यावर अजूनही आंघोळीचे पाणी तापते. वाशाला तवशाच्या बियांचे गाठोडे लोंबत होते. त्याच्या शेजारच्या खिळ्याला तिने तार अडकवली. मी म्हटले, इथे काजळी बसेल, कडा जळतील, अक्षर दिसेनासे होईल. कागद असे ठेवत नाहीत, मी कोरड्या डब्यात घालून देते.

‘थंय धूर आसा,’ ती म्हणाली, आणि चुलीत नारळाची आणखी दोन सोडणे सरकवून, पाणी कढत झाले आहे, आधी आंघोळ करून घे, असे मला सांगितले.